पेशीतला निरोप अडवला, तर हृदय वाचतं का?

प्रश्न : मी ३६ वर्षांचा, साताऱ्यात शिक्षक आहे. वडील ४७व्या वर्षी झोपेतच गेले. थोरल्या भावाला ३९व्या वर्षी हार्ट ब्लॉक (हृदयातली वीज अडणं) झाला म्हणून पेसमेकर बसवला. आता तो ४३ वर्षांचा आहे आणि त्याचा ईएफ (हृदय एका ठोक्यात आतलं किती रक्त बाहेर टाकतं तो आकडा) ४० टक्के आहे. जनुक तपासणीत त्याच्या ‘एलएमएनए’ म्हणजे लॅमिनच्या जनुकात फ्रेमशिफ्ट (जनुकातल्या अक्षरांची रांग सरकवणारा) बदल सापडला, शेरा ‘रोगकारक’. तोच बदल माझ्यातही निघाला. मला त्रास काहीच नाही. ईसीजीत पीआर (वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत वीज पोहोचायला लागणारा वेळ) २२४ मिलिसेकंद, टूडी इकोत ईएफ ५४ टक्के, होल्टरमध्ये (दिवसभराच्या ईसीजीत) एकदा सलग पाच ठोक्यांचा व्हीटी, म्हणजे खालच्या कप्प्यांतून उठणारी भरधाव लय. डॉक्टरांनी आयसीडीचा (बिघडलेली लय झटका देऊन थांबवणाऱ्या छातीतल्या यंत्राचा) विषय काढला, पण मी थांबलो आहे. पी३८ नावाचा संदेशमार्ग बंद केल्यावर उंदरांची हृदयं सुधारली, असं वाचलं. ते औषध मागवता येईल का? एका ओळखीच्या औषधविक्रेत्याने सांगितलं की ट्रॅमेटिनिब इथे मिळतं आणि ते अशाच साखळीवर काम करतं. ते घेऊन बघावं का? मी दर वर्षी सातारा हिल हाफ मॅरेथॉन धावतो. मुलगी नऊ वर्षांची आहे. बहीण फलटणला असते, ती तपासणीला तयार नाही.
— एक वाचक, सातारा

उत्तर : आधी दोन सरळ उत्तरं. ट्रॅमेटिनिब घेऊ नका. आणि पी३८चं जे औषध तुम्ही वाचलंत ते मागवता येणार नाही, कारण माणसांवरच्या मोठ्या चाचणीत ते टिकलं नाही आणि त्याला कुठल्याच देशात परवानगी मिळाली नाही. का टिकलं नाही, हे नीट समजून घ्या. ते कळलं की आयसीडीसाठी थांबायचं कारण उरत नाही.

लॅमिन ए आणि लॅमिन सी ही प्रथिनं पेशीच्या केंद्रकाला आतून अस्तर लावतात. हृदयाची पेशी दिवसाला साधारण लाख वेळा आकसते आणि सैल होते. प्रत्येक वेळी केंद्रकही दाबलं जातं, ताणलं जातं. अस्तर धड असेल तर हा ताण पचतो. तुमच्या घरातल्या फ्रेमशिफ्ट बदलामुळे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतून धड प्रथिन तयार होत नाही, म्हणून अस्तर कमजोर पडतं. अशा पेशीत ताणाचे निरोप धाडणाऱ्या साखळ्या सतत चालू राहतात. निरोप म्हणजे इथे फॉस्फेटचा एक गट. एक विकर (एन्झाइम) तो दुसऱ्याला लावतं, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटचं केंद्रकात शिरून जनुकं चालू-बंद करतं. या घराण्याचं नाव मॅप कायनेज, आणि त्याच्या तीन मुख्य शाखा ईआरके, जेएनके आणि पी३८. निरोप थोडा वेळ आला तर पेशी डागडुजी करते. वर्षानुवर्षं येत राहिला तर पेशीतल्या ॲक्टिनच्या तंतूंची घडी विस्कटते, आजूबाजूला तंतुमय ऊती साठते आणि हृदयाच्या भिंती पातळ व सैल होत जातात.

कोलंबिया विद्यापीठातले अँतोआन म्युशीर आणि हॉवर्ड वॉर्मन यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं की लॅमिन बिघडलेल्या उंदरांच्या हृदयात ईआरके आणि जेएनके या शाखा हृदय फुगायच्या आधीपासूनच पेटलेल्या असतात. पुढे पी३८ही तसाच सापडला. ईआरकेच्या वरची पायरी असलेलं मेक हे विकर अडवल्यावर, आणि वेगळ्या प्रयोगांत पी३८ अडवल्यावर, उंदरांचं हृदय बरं चाललं. २०१२ मध्ये एमटॉर नावाचा आणखी एक मार्ग पुढे आला. तो जास्त चालला की पेशी आपला कचरा साफ करणं थांबवते. रॅपामायसिनच्या कुळातल्या औषधांनी तो दाबला आणि उंदरांना फायदा झाला. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने रुग्णांच्या पेशींपासून प्रयोगशाळेत हृदयपेशी वाढवल्या, त्यात पीडीजीएफ हा मार्ग अवेळी चालू असल्याचं दाखवलं, आणि सुनिटिनिब व क्रेनोलॅनिब या औषधांनी त्या पेशींची बिघडलेली लय सुधारली.

हे काम खरं आहे आणि मोलाचं आहे. पण त्यातली एक गोष्ट तुमच्या वाचनात बहुधा आली नसेल. ज्या उंदरांवर हे प्रयोग मुख्यतः झाले त्यांच्यात लॅमिनच्या २२२व्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं असतं, आणि तेही जनुकाच्या दोन्ही प्रतींत. तुमच्यात बदल एकाच प्रतीत आहे आणि त्याची जात वेगळी आहे: तुमच्याकडे प्रथिन कमी पडतं, उंदरांकडे चुकीचं बनतं. शिवाय काही प्रयोगांत उंदरांना औषध आजार कोवळा असताना दिलं होतं.

आता माणसांवरची चाचणी. पी३८ अडवणारं एआरआरवाय-७९७ हे औषध ॲरे बायोफार्मा या कंपनीकडे होतं, २०१९ मध्ये ती फायझरने घेतली. आधीच्या टप्प्यात १२ रुग्णांना औषध दिलं, सहा मिनिटांत ते किती मीटर चालतात हे मोजलं, आणि अंतर वाढलेलं दिसलं. पण त्यात तुलनेला औषध न घेणारा गट नव्हता. मोठ्या चाचणीचं नाव रिअल्म-डीसीएम. त्यात लॅमिनच्या आजाराने लक्षणं असलेल्या ७७ जणांपैकी काहींना ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, तर काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, असं २४ आठवडे चाललं. ऑगस्ट २०२२ मध्ये, मधल्या टप्प्यावर आकडे तपासल्यावर, फायदा दिसण्याची शक्यता उरलेली नाही म्हणून चाचणी थांबवली. सुरक्षिततेची अडचण आली म्हणून नव्हे. दोन गटांत चालण्याच्या अंतराचा फरक जेमतेम पाच मीटर निघाला, तो योगायोगानेही येतो.

आमच्या मते कारणं तीन. एक, पी३८ ही एकच शाखा आहे. ती अडवली तरी ईआरके, जेएनके, एमटॉर, पीडीजीएफ हे रस्ते उघडे राहतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर पी३८ अडवणाऱ्या लॉस्मापिमॉड या दुसऱ्या औषधाचंही असंच झालं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, साडेतीन हजार रुग्णांच्या चाचणीत त्याने पुढचे झटके कमी झाले नाहीत. दोन, लक्षणं दिसायला लागेपर्यंत हृदयात व्रण पडलेले असतात. निरोप थांबला की नवा व्रण कदाचित कमी पडेल, जुना विरघळत नाही. तीन, आणि हेच मुळाशी आहे: तुमच्या आजारात संदेशमार्ग हा बिघाडाचा उगम नाही, तो बिघाडाचा परिणाम आहे. उगम अस्तरात आहे.

उगमच मार्गात असेल तर चित्र वेगळं असतं. नूनन सिंड्रोममध्ये रास-मॅप कायनेज या साखळीतल्याच एखाद्या कडीचं जनुक बिघडलेलं असतं. त्यातल्या काही तान्ह्या बाळांचं हृदय जन्मानंतर झपाट्याने जाड होतं. तिथे ट्रॅमेटिनिब दिल्यावर जाडी उतरल्याचं २०१९ मध्ये दोन बाळांच्या बाबतीत नोंदवलं गेलं, आणि मग त्या दिशेने काम वाढलं. औषधविक्रेत्याने तुम्हाला सांगितलं ते औषध हेच. पण त्या बाळांचा आजार आणि तुमचा आजार यांत फारसं साम्य नाही.

ट्रॅमेटिनिब मुळात कर्करोगाचं औषध आहे आणि ते हृदयाचा ईएफ खाली आणू शकतं. म्हणूनच कर्करोगाच्या रुग्णांनाही ते सुरू करण्याआधी, एका महिन्याने आणि मग दर दोन ते तीन महिन्यांनी इको करावा लागतो, आणि ईएफ दहा अंकांनी उतरून सामान्य पातळीखाली गेला तर औषध थांबवावं लागतं. तुमचा ईएफ आज ५४ आहे. दहा अंक गेले तर ४४. मग ते आजाराने उतरलं की औषधाने, हे कुणाला सांगता येणार नाही, आणि तुमचे पुढचे बरेच निर्णय याच आकड्यावर उभे राहायचे आहेत. सुनिटिनिबचं त्याहून वाईट: रक्तदाब वाढतो, ईएफ उतरतो आणि ईसीजीतलं क्यूटी अंतर लांबतं, म्हणजे ज्या लयबिघाडाची भीती आहे त्यालाच वाट मोकळी. रॅपामायसिन प्रतिकारशक्ती दाबतं आणि जखम भरू देत नाही. छातीत यंत्र बसवायचं असलेल्या माणसाने ते घेणं म्हणजे टाक्यांच्या जागी संसर्गाला बोलावणं.

शोधताना आणखी दोन नावं समोर येतील. लोनाफार्निब याच एलएमएनए जनुकाच्या आजारासाठी आहे, पण तो आजार प्रोजेरिया. त्यात प्रोजेरिन नावाचं विषारी प्रथिन तयार होतं आणि औषध त्यावर काम करतं. तुमच्या पेशींत प्रोजेरिनचा प्रश्न नाही. मॅव्हाकॅम्टेन हे जाड झालेल्या हृदयासाठी, त्याचा जोर कमी करायला दिलं जातं. जोर आधीच उतरलेल्या तुमच्या भावासारख्या माणसाला ते अपाय करेल.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पेशीतले निरोप अडवणारी औषधं तुमच्या घरात बहुधा आधीच आहेत, भावाच्या डब्यात. बीटा ब्लॉकर अॅड्रेनॅलिनचा निरोप पेशीच्या दारातच अडवतो. रॅमिप्रिल किंवा सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन अँजिओटेन्सिनचा निरोप कमी करतात, जो ताणलेल्या हृदयात व्रण वाढवतो. स्पायरोनोलॅक्टोन अल्डोस्टेरॉनचा निरोप अडवतं. हजारो रुग्णांवर तपासलेली, आयुष्य वाढवणारी ही औषधं आहेत. ती पूर्ण मात्रेत आणि नीट घेणं यातला फायदा पी३८च्या औषधाची वाट पाहण्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. पण ती घेताना होणाऱ्या चुका सांगतो, कारण लोक त्याच त्या चुका करतात.

रॅमिप्रिल बंद करून सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन सुरू करताना मध्ये ३६ तास जाऊ द्यावे लागतात, नाहीतर जीभ आणि घसा सुजून श्वास कोंडू शकतो. स्पायरोनोलॅक्टोन सुरू केल्यावर एका आठवड्याने आणि चौथ्या आठवड्याला पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासा. पोटॅशियम ५.५च्या वर गेलं तर मात्रा निम्मी होते, ६च्या वर गेलं तर औषध थांबतं. बाजारात ‘कमी सोडियमचं’ म्हणून मिळणाऱ्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. हृदयाला चांगलं म्हणून वहिनी ते आणत असतील तर आजच बंद करायला सांगा. गुडघा दुखला म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घ्यायचं नाही, या औषधांबरोबर ते मूत्रपिंडावर घाला घालतं. डापाग्लिफ्लोझिन (हृदयासाठी दिली जाणारी आणखी एक गोळी) चालू असेल तर निर्जळी उपवासाच्या किंवा उलट्या-जुलाबांच्या दिवशी ती गोळी घ्यायची नाही, असं डॉक्टरांशी आधीच ठरवून ठेवा.

तुमच्या बाबतीत एक वेगळी खबरदारी. पीआर २२४ म्हणजे वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत जाणारी वीज आधीच रेंगाळते आहे. २००च्या आत असायला हवं. बीटा ब्लॉकर ही वीज आणखी मंद करतो. भावाला पेसमेकरचा आधार आहे म्हणून त्याला तो चालतो. भावाची गोळी उचलून तुम्ही सुरू करू नका.

आता आयसीडीकडे येऊ. लॅमिनच्या आजारात माणूस धाप लागून जाण्याआधी लय बिघडून अचानक जाऊ शकतो, ईएफ फारसा उतरलेला नसतानाही. तुमच्या वडिलांचं तसंच झालं असण्याची शक्यता मोठी आहे. सहा मिनिटं चालण्याच्या परीक्षेत हा धोका मोजला जात नाही आणि रोजच्या घेण्याजोग्या कुठल्याही गोळीने तो पुरेसा झाकला जात नाही. म्हणून लॅमिनसाठी आयसीडीचा निकष इतर हृदयस्नायू आजारांपेक्षा वेगळा आहे. अमेरिकेच्या २०१७ च्या मार्गदर्शनात धोक्याच्या चार खुणा दिल्या आहेत: ४५च्या खाली ईएफ, होल्टरवर थोडा वेळ आलेला व्हीटी, पुरुष असणं, आणि एका अमिनो आम्लाच्या साध्या बदलापेक्षा वेगळा, म्हणजे फ्रेमशिफ्टसारखा बदल. दोन किंवा जास्त खुणा असल्या तर आयसीडी वाजवी ठरतं. तुमच्याकडे तीन आहेत. युरोपच्या २०२३ च्या मार्गदर्शनात लॅमिनसाठी खास गणकयंत्र वापरायला सांगितलं आहे. त्यात लिंग, बदलाची जात, पीआर किंवा ब्लॉक, व्हीटी आणि ईएफ हे पाच आकडे भरले की पाच वर्षांतला धोका टक्क्यांत निघतो. तो १० किंवा जास्त आणि हृदयात आजाराची खूण दिसत असेल, तर यंत्राचा विचार करावा. पाचही आकडे तुमच्या फाइलमध्ये आहेत. डॉक्टरांना तुमच्यासमोर ते भरायला सांगा आणि निघालेला आकडा लिहून घ्या.

यंत्र कुठल्या प्रकारचं, हेही विचारा. कातडीखाली बसणारं, हृदयात तार न घालणारं आयसीडी आकर्षक वाटतं, पण ते हृदयाला ठोका देत नाही. तुमचा पीआर लांबलेला आहे आणि भावाला ब्लॉक झाला, त्यामुळे आज ना उद्या तुम्हालाही पेसिंग, म्हणजे यंत्राने दिलेला ठोका, लागण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून शिरेतून तार टाकलेलं, पेसमेकरही असलेलं आयसीडी तुमच्यासाठी जास्त योग्य.

तुम्ही स्वतःबद्दल विचारलंत, पण आम्हाला जास्त काळजी भावाची वाटते. पुरुष, फ्रेमशिफ्ट, ब्लॉक, ईएफ ४०, आणि छातीत नुसता पेसमेकर. नुसता पेसमेकर मंद ठोका सावरतो, भरधाव सुटलेली लय थांबवत नाही. ‘बॅटरी संपेल तेव्हा बदलू’ असं कुणी म्हटलं असेल तर तो विषय आत्ताच पुन्हा काढा. शिवाय पेसमेकर उजव्या खालच्या कप्प्यातून सतत ठोके देत असेल तर दोन्ही बाजू एका वेळी आकसत नाहीत आणि त्यानेही ईएफ उतरतो. पेसमेकर तपासणीच्या कागदावर ‘व्हेंट्रिक्युलर पेसिंग’ किती टक्के ते लिहिलेलं असतं. ते जास्त असेल तर डाव्या बाजूलाही तार असलेलं सीआरटी-डी यंत्र योग्य ठरू शकतं. जुनी तार असलेली शीर अरुंद झालेली असू शकते, म्हणून शस्त्रक्रियेआधी शिरेत रंगद्रव्य सोडून ती तपासतात. बदलाच्या शस्त्रक्रियेत संसर्गाचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त असतो. जखमेतून पाणी, लाली, ताप यांपैकी काहीही दिसलं तर घरी मलम लावत बसू नका, जिथे यंत्र बसवलं तिथेच जा. नव्या तारा पक्क्या बसेपर्यंत चार ते सहा आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नये. खर्चासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि आयसीडी व सीआरटी-डी कुठल्या योजनेत, कुठल्या रुग्णालयात बसतात ते नावानिशी विचारा.

भावाचं होल्टर कधी झालं तेही बघा. लॅमिनमध्ये वरच्या कप्प्यांची लय बिघडणं, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, फार आढळतं आणि त्यातून गुठळी मेंदूत जाऊ शकते. ते सापडलं तर रक्त पातळ ठेवणारं औषध लागेल का, हे वय आणि इतर आजारांचे गुण मोजून ठरवण्यावर न सोडता थेट विचारा.

मॅरेथॉन थांबवा. तुम्ही वर्षानुवर्षं यवतेश्वरचा घाट चढला आहात, हे सोडणं किती जड जाईल याची आम्हाला कल्पना आहे. पण लॅमिनच्या बदलात जोराच्या, लांब पल्ल्याच्या व्यायामाने हृदय लवकर फुगतं आणि लय लवकर बिघडते, असं अभ्यासांत दिसलं आहे. अस्तर कमजोर असताना प्रत्येक जोराचा ठोका त्यावर जास्त ताण देतो. सपाटीवर, बोलता बोलता चालता येईल इतक्या वेगाने, रोज अर्धा-पाऊण तास चाला. आयसीडी बसलं तरी स्पर्धेत परत उतरायचं नाही.

मुलीला हा बदल मिळाला असण्याची शक्यता पन्नास टक्के आहे, बहिणीचीही तेवढीच होती. मुलीची जनुक तपासणी कधी करायची हे समुपदेशकाशी बोलून ठरवा, घाई नाही. पण ईसीजी आणि टूडी इको आता एकदा करून ठेवा, आणि तिची कोपरं पूर्ण सरळ होतात का, ती टाचा टेकवून उकिडवी बसू शकते का, हे डॉक्टरांना दाखवा. लॅमिनचा आजार काही मुलांत हृदयाआधी सांध्यांत आणि स्नायूंत दिसतो. बहिणीसाठी पूर्ण पॅनेल (अनेक जनुकांची एकत्र तपासणी) लागत नाही. तुमच्या अहवालातला नेमका बदल आहे की नाही एवढंच बघायचं, त्याला खर्चही बराच कमी येतो. बदल नसेल तर ती आणि तिची मुलं यातून कायमची मोकळी होतील, हे तिला सांगा. तिला तपासणी नकोच असेल तर निदान दर वर्षी ईसीजी, इको आणि होल्टर तरी करू दे.

नव्या चाचण्यांवर लक्ष ठेवायचं असेल तर भारतीय नोंदवही सीटीआरआय मोफत बघता येते. तिथे आजाराच्या नावाने शोधा. चाचणीत घेताना संमतीपत्र, नैतिक समितीची मंजुरी आणि इजा झाल्यास भरपाई हे २०१९ च्या नियमांनी बंधनकारक आहे. औषधाचे पैसे मागणाऱ्या ‘चाचणी’त जाऊ नका.

पुढच्या भेटीला दोघे भाऊ एकत्रच जा. जनुक अहवालाची पूर्ण प्रत, दोघांचे जुने-नवे ईसीजी, इको, होल्टरचे कागद आणि पेसमेकरचा शेवटचा अहवाल बरोबर न्या. मधल्या काळात तुमच्यापैकी कुणालाही भोवळ येऊन शुद्ध हरपली, किंवा बसल्या जागी अचानक छाती धडधडून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर वेळ ठरवण्याची वाट पाहू नका, १०८ला फोन करून त्याच दिवशी दाखल व्हा आणि ‘लॅमिनचा आजार आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.